दारांत उभी राहिलेली मोटार

यंत्र वापरानें झिजतें हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु न वापरल्यानें तें त्याहूनहि लौकर खराब होतें, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानीं येते. शिवणयंत्र वर्षानुवर्षें झांकून ठेवावें आणि एके दिवशीं त्याचें चाक फिरवूं जावें, तर तें अडतें. भिंतीवरचें घड्याळ किल्लीविना राहिलें, तर त्यांतील तेल चिकट होऊन लंबक हालेनासा होतो. मोटारगाडीची गोष्ट याहून निराळी नाहीं. फरक एवढाच कीं, घड्याळ बिघडलें तर वेळ चुकते. बिघडलेली मोटार रस्त्यावर आली तर जीव जातो. म्हणून बरींच वर्षें उभी राहिलेली मोटार घरच्या घरीं पुन्हां चालती करावयाची झाल्यास काम कोठून सुरू करावें, कोणत्या क्रमानें करावें आणि कोणत्या टप्प्यावर हात आखडता घ्यावा, याचा विचार या भाषणांत करावयाचा आहे.

ठाणें जिल्ह्यांतील भिवंडी हें यंत्रमागांचें शहर. कामवारी नदीच्या कांठच्या या शहरांत मागांचा खडखडाट रात्रंदिवस चालतो, हवेंत कापसाचे बारीक तंतु तरंगत असतात, आणि पावसाळ्याचे चार महिने कोंकणचा पाऊस कोसळतो. धामणकर नाका हा येथील एक गजबजलेला चौक. ठाणें-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या ५ क्रमांकाच्या मार्गावर या नाक्याच्याच नांवाचें स्थानक योजिलेलें आहे. नव्या वाहनांची अशी तयारी चाललेली असतांना, याच नाक्यामागच्या एखाद्या आळींत, जुन्या घराच्या ओट्यालगत, फाटक्या ताडपत्रीखालीं एक मोटार पंधरा वर्षें उभी आहे, अशी कल्पना करावी. चारहि टायर बसलेले आहेत, पुढच्या कांचेवर धुळीचा थर आहे, आणि मागच्या बैठकीवर मांजरीनें दोनदां पिलें घातलीं आहेत. घरांतील वडील गृहस्थांनीं उमेदीच्या काळांत ही गाडी घेतली. पुढें दृष्टि मंद झाली आणि गाडी चालविणें सुटलें. मुलाला नोकरींतून सवड मिळाली नाहीं, आणि 'पुढल्या महिन्यांत पाहूं' असें म्हणतां म्हणतां पंधरा पावसाळे निघून गेले. आतां वडिलांची इच्छा अशी आहे कीं, तिचा आवाज पुन्हां एकदां ऐकावा. अशीं घरें महाराष्ट्रांत पुष्कळ आहेत, आणि अनेक ठिकाणीं ती गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी असते.

या गाडीची कुळकथा थोडक्यांत पाहणें उपयोगाचें आहे. सोलापूरांत जन्मलेले उद्योगपति शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि मुंबईंत कुर्ला येथें तिचा कारखाना उभा राहिला. पुढें इटलीच्या फियाट कंपनीशीं करार होऊन तिच्या नमुन्याच्या गाड्या येथें तयार होऊं लागल्या. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट, नंतर कांहीं काळ प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ च्या सुमारास पद्मिनी, अशीं नांवें पालटत गेलीं. अंतरंग मात्र फारसें पालटलें नाहीं. १०८९ घन सेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें इंजिन, पेट्रोल व हवा यांचें मिश्रण करणारा कार्बोरेटर आणि चारहि चाकांना ड्रमचे ब्रेक, असा तिचा सरळ संसार होता. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तीन पिढ्यांनीं पाहिली ती हीच गाडी. अशी शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवच्या परिवहन कार्यालयांत नोंदली गेली, आणि वीस वर्षांची वयोमर्यादा भरल्यामुळें ऑक्टोबर २०२३ अखेर ती मुंबईच्या रस्त्यांवरून नाहींशी झाली.

या घटनेचा संबंध भिवंडींतील त्या ताडपत्रीखालच्या गाडीशीं कसा पोहोंचतो, हें पाहण्याजोगें आहे. हजारों टॅक्सी धांवत होत्या तोंवर सुटे भाग सहज मिळत, आणि नुसत्या आवाजावरून दुखणें सांगणारे मिस्त्री ठिकठिकाणीं होते. टॅक्सी गेल्या, तसे ते भाग दुकानाच्या मागच्या फळीवर गेले आणि ते मिस्त्रीहि उतारवयाला लागले. त्यामुळें जें काम पूर्वीं दुसर्‍यावर सोंपवितां येई, त्यांतील बराच भाग आतां घरच्या माणसानेंच समजून घेणें प्राप्त आहे. समाधानाची बाब अशी कीं, या गाडींत गणकयंत्र नाहीं. चार-सहा पाने, एक पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, सांध मोजण्याचीं पातळ पोलादी पातीं आणि धीर, एवढ्या सामग्रीवर पुष्कळ काम होतें. त्या सामग्रींत धीराचा तुटवडाच नेहमीं जास्त पडतो.

कारण ताडपत्री निघाली कीं आळींतील मंडळी जमूं लागतात. 'नवी बॅटरी लावा', 'दहा जणांनीं धक्का मारा, आतांच चालूं होईल', असा सल्ला चोहोंकडून येतो, आणि उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग अशी घरच्यांची स्थिति होते. आवाज ऐकण्याची ही घाई सर्व अनर्थांचें मूळ आहे. दीर्घ उपवास घडलेल्या माणसापुढें कोणी एकदम पक्वान्नांचें ताट मांडीत नाहीं. आधीं पेज देतात, मग मऊ भात, आणि पचेल तसें पुढचें अन्न. पंधरा वर्षें तेल-पाण्यावांचून राहिलेल्या इंजिनाला एकदम धक्का मारणें हें त्या ताटासारखेंच आहे. इंजिन त्या क्षणीं कदाचित् चालूंहि होईल, परंतु आंत कायमची इजा करून घेऊन होईल.

म्हणून पहिला प्रश्न गाडी चालूं कशी करावी हा नव्हे; ती चालूं करण्याजोगी राहिली आहे काय, हा होय. पद्मिनीला ट्रकसारखी निराळी लोखंडी चौकट नाहीं. तिचा पत्र्याचा सांगाडा हीच तिची चौकट. जमीन, दारांखालचे उंबरे आणि खांब मिळून ते सर्व भार पेलतात. लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु यांच्या संयोगानें गंज होतो, हें शाळेंतील मुलालाहि ठाऊक असतें. आणि कोंकणपट्टींतील दमट हवेंत या तिन्ही गोष्टींना तोटा नाहीं. तेव्हां गाडींतील गालिचे व रबरी पट्टे उचलावे आणि बोथट स्क्रू-ड्रायव्हरनें जमीन, उंबरे आणि मागच्या पाटांचे, म्हणजे कमानींचे आधार, हे सर्व ठोकून व टोंचून पाहावे. खणखणीत नाद आला तर पत्रा जिवंत आहे. भद्द आवाज येऊन पापुद्रे सुटले, किंवा टोंक आरपार गेलें, तर तें काम घरचें नव्हे. एखादें भोंक कुशल वेल्डर बुजवील. परंतु उंबरेच खाल्ले गेले असतील तर बूड फुटलेल्या घागरीला कल्हई करण्यांत अर्थ नसतो. हा निर्णय भावनेच्या भरांत न घेतां, खर्चाचा पहिला रुपया पडण्यापूर्वीं घ्यावा.

सांगाडा शाबूत निघाला म्हणजे काम सुरू करावें. आरंभीं जुनी बॅटरी काढून बाजूला ठेवावी. कारण उंदरांनीं तारांचें वेष्टण कुरतडलेलें असतें आणि उघड्या तारांना वीज मिळाली तर आग लागण्याची भीति असते. बोनेटखालचीं घरटीं, कापसाचा कचरा, वाळलेलीं पानें काढून टाकावीं. यंत्रमागांच्या शहरांत हवेच्या गाळणींत तंतूंची चक्क गादी बसलेली सांपडते. चाकांना दोन्ही बाजूंनीं लांकडी पाचर लावावी. गाडी जॅकवर उचलल्यास तिच्याखालीं भक्कम स्टँड दिल्याशिवाय कोणीहि अंग घालूं नये; जॅक हें उचलण्याचें साधन आहे, आधाराचें नव्हे. विटा रचून त्यांवर गाडी टेंकविण्याची रीत तर सर्वथा वर्ज्य समजावी. भाराखालीं वीट अचानक फुटते.

आतां इंजिनाकडे वळावें. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या इंजिनांत पिस्टनवरील कड्या, ज्यांना रिंगा म्हणतात, त्या सिलिंडरच्या भिंतीला गंजानें चिकटलेल्या असतात. चारहि प्लग काढावे, त्यांच्या तारांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या बांधाव्या, आणि प्रत्येक भोंकांतून चमचाभर पातळ तेल आंत सोडावें. त्यानंतर दोन-तीन दिवस इंजिनाला हातहि लावूं नये. त्या अवधींत तेल गंजांत मुरतें. मग इंजिनाच्या पुढच्या पुलीच्या नटावर पाना लावून तें हळूं फिरवून पाहावें, किंवा गाडी चौथ्या गिअरमध्यें टाकून हातांनीं किंचित् पुढें सारावी. इंजिन सहज फिरलें तर उत्तम. अडलें तर पुन्हां तेल, आणि आठ दिवस विसांवा. येथें जोर केला, किंवा दुसर्‍या गाडीला दोर बांधून ओढून नेलें, तर चिकटलेली रिंग तुटते व तिचा तुकडा सिलिंडरला ओरखडे पाडतो. ज्या दुरुस्तीला आठ दिवस व चार चमचे तेल पुरलें असतें, तिला मग सारें इंजिन उघडावें लागतें.

इंजिन फिरूं लागलें म्हणजे तेल बदलावें. जुन्या तेलांत ज्वलनाचीं आम्लें व पाणी सांचलेलें असतें. तेलाच्या पट्टीवर ताकासारखा पांढुरका फेंस दिसला, तर तेलांत पाणी मिसळल्याची ती खूण होय. आणि पट्टीला पेट्रोलचा वास आला, तर पेट्रोल ओढणार्‍या पंपाचा पडदा फाटून पेट्रोल तेलांत उतरत आहे, असें समजावें. या दोन खुणा वाचतां आल्या म्हणजे अर्धें निदान झालें. चेंबरचा नट काढून सर्व तेल गाळून टाकावें, गाळणी बदलावी व नवें तेल भरावें. रेडिएटरमधील तांबूस चिखल स्वच्छ पाण्यानें पुन्हां पुन्हां धुऊन काढावा. रबरी नळ्या बोटांनीं दाबून पाहाव्या. ज्या कडक होऊन तडकल्या किंवा भिजलेल्या पापडासारख्या मऊ पडल्या, त्या न कचरतां बदलाव्या. पंख्याच्या पट्ट्यालाहि हाच नियम.

यापुढचें काम पेट्रोलचें, आणि येथें सावधगिरीची पराकाष्ठा केली पाहिजे. जुनें पेट्रोल उडून गेल्यावर मागें चिकट राळ उरते. तिला व्हार्निशसारखा उग्र वास येतो. टाकी रिकामी करावयाची ती भर उजेडांत, उघड्यावर, विडी-काडीपासून व चुलीपासून दूर. नळी तोंडानें ओढून पेट्रोल काढण्याची वाईट संवय कोठें कोठें आहे. त्यांत पेट्रोल फुप्फुसांत जाऊन प्राणावर बेततें. त्यासाठीं हातपंप वापरावा. टाकीच्या तळाशीं गंजाचा गाळ असल्यास टाकी उतरवून जाणत्या कारागिराकडून धुऊन घ्यावी. रिकाम्या टाकीला कोणी वेल्डिंगची ज्योत लावूं पाहील तर त्यास रोखावें. भरलेल्या टाकीपेक्षां रिकाम्या टाकींतील वाफ अधिक घातक असते. कार्बोरेटर खोलतांना त्याच्या बारीक छिद्रांत, म्हणजे जेटांत, तार घालूं नये. तारेनें छिद्र मोठें होतें आणि मग मिश्रणाचें प्रमाण कायमचें बिघडतें. विरघळविणारें द्रव्य व हवेचा फुंकर एवढ्यानेंच तीं मोकळीं करावीं.

पेट्रोलच्या संबंधांत एक नवी अडचण आहे, आणि पद्मिनी घडविणार्‍यांना तिची कल्पना असणें शक्य नव्हतें. आपल्या देशांत पेट्रोलमध्यें इथेनॉल, म्हणजे मुख्यतः ऊंस व धान्य यांपासून काढलेलें मद्यार्क, मिसळलें जातें; २०२५ सालीं हें प्रमाण सुमारें शेंकडा २० पर्यंत पोहोंचलें. चालत्या गाडींत तें भराभर खपतें. परंतु इथेनॉलचा स्वभाव पाणी शोषून घेण्याचा आहे. भिवंडीसारख्या दमट गांवीं असें पेट्रोल टाकींत महिनोन् महिने राहिलें, तर तें हवेंतील पाणी ओढतें, आणि कांहीं मर्यादेपलीकडे पाणी व मद्यार्क मिळून वेगळे होऊन तळाशीं बसतात. टाकींतील नळी नेमकी तळाजवळून ओढते. शिवाय जुन्या जातीच्या रबराच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि वायसर या मद्यार्कानें फुगतात व पुढें तडकतात. म्हणून जुन्या गाडीला सुरुवात करून देतांना पेट्रोलच्या मार्गांतील सर्व रबरी भाग इथेनॉल सोसणार्‍या नव्या जातीचे घालावे, टाकींत थोडेंच पेट्रोल ठेवावें व तें लौकर वापरून टाकावें. बोनेट उघडून नळ्यांवर ओल दिसते काय, हें पहिल्या काहीं महिन्यांत वारंवार पाहावें. तापलेल्या इंजिनावर गळणारें पेट्रोल म्हणजे गाडीची चिताच.

ठिणगीचें काम त्या मानानें सोंपें. ज्याला मिस्त्री लोक डेल्को म्हणतात, त्या डब्यांत दोन लहान टिकल्या, म्हणजे पॉइंट, उघडझांप करीत असतात, आणि त्यामुळें कॉइलमध्यें ठिणगीपुरती जोरकस वीज उत्पन्न होते. वर्षानुवर्षें स्थिर राहिल्यानें त्या टिकल्यांवर बुरशीसारखी पुटें चढतात. बारीक कानशीनें तीं घासून काढावीं आणि टिकल्यांतील सांध पोलादी पात्यानें मोजून जुळवावी. या इंजिनांत सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२ असा आहे. तारा लावतांना तो चुकला, तर इंजिन खोकतें, फटाके वाजवितें, परंतु चालत नाहीं. प्लगच्या तारांना आधींच चिठ्ठ्या बांधण्याचें महत्त्व येथें कळून येतें. ठिणगी पडते काय हें पाहतांना प्लग इंजिनाच्या धातूला टेंकवून ठेवावा आणि जवळपास पेट्रोलचें भांडें नसल्याची खात्री करावी.

एवढें झालें म्हणजे घरचीं माणसें किल्लीकडे पाहूं लागतात. परंतु अजून किल्ली फिरवूं नये. जी गाडी थांबूं शकत नाहीं ती चालूं करूं नये, हा या सर्व उद्योगांतील मुख्य नियम आहे, आणि तोच बहुधा मोडला जातो. ब्रेकचें तेल हवेंतील पाणी शोषितें. त्या पाण्यानें चाकांजवळचे लहान सिलिंडर आंतून गंजतात आणि रबरी वाट्या अडकतात किंवा गळतात. ब्रेकची रबरी नळी बाहेरून धडधाकट दिसते आणि आंतून बुजलेली असते. मग पाय दाबला तर ब्रेक लागतो, परंतु सुटत नाहीं. पेडल दाबल्यावर पहिल्या दिवशीं घट्ट लागलें एवढ्यावर भरंवसा ठेवणारे पुष्कळ असतात. दुसर्‍या दिवशीं नेमकें उतारावर तेंच पेडल जमिनीला टेंकतें. म्हणून मुख्य सिलिंडर, चारहि चाकांचे सिलिंडर आणि रबरी नळ्या नव्या घालाव्या. येथें जुन्या भागाची भीड धरूं नये. ड्रममधील धूळ तोंडानें वा हवेच्या झोतानें उडवूं नये, कारण जुन्या ब्रेकपट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असतें व तें फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्यानें पुसून तें फडकें टाकून द्यावें. रबरी भागांना रॉकेल किंवा इंजिनाचें तेल मुळींच लावूं नये. नंतर एकानें आंत बसून पेडल दाबावें, दुसर्‍यानें चाकाजवळची निपल सैल करून हवा काढावी, व सर्वांत दूरच्या चाकापासून जवळच्या चाकापर्यंत हा क्रम ठेवावा. या कामाला दोन माणसें लागतात, आणि धामणकर नाक्यावरील त्या घरांत तें दुसरें माणूस मिळण्यास अडचण पडत नाहीं. ज्यांची दृष्टि मंद झाली त्या वडिलांचा पाय पेडल ओळखतो. पेडल मऊ आहे कीं कडक, हें सांगण्यास डोळ्यांची गरज लागत नाहीं.

टायरांविषयीं पुष्कळांची समजूत अशी कीं, नक्षी खोल असली म्हणजे टायर चांगला. उभ्या गाडीच्या टायराची नक्षी खोल असणारच; तो फिरलाच कोठें? रबर वयानें मरतें. टायरच्या कडेवर चार अंक कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे व शेवटचे दोन वर्षाचे. २४०९ असें असल्यास तो २००९ सालच्या चोविसाव्या आठवड्यांत तयार झाला, हें उघड आहे. अशा टायरावर गाडी आळींत हलवावी, रस्त्यावर नेऊं नये.

आतां सुरुवात. गाडी उघड्यावर असावी. बंद पडवींत वा गाळ्यांत इंजिन चालूं करूं नये. त्याच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो झोंपेचें सोंग घेऊन माणसास नेतो. नवी बॅटरी जोडावी. प्लग न बसवितां सेल्फ थोडा थोडा मारावा, म्हणजे इंजिन जोर न पडतां फिरेल व तेल सर्व भागांत चढेल. तेलाच्या दाबाचा लाल दिवा विझला म्हणजे प्लग बसवावे, चोक ओढावा आणि मग किल्ली फिरवावी. आरंभीं निळसर धूर येतो. तो सिलिंडरांत सोडलेल्या तेलाचा असतो व थोड्या वेळांत ओसरतो. तो ओसरला नाहीं तर रिंगांची झीज, पांढरा धूर सारखाच येत राहिला तर पाणी आंत जाणें, काळा धूर आला तर पेट्रोलचें प्रमाण अधिक, असें स्थूल मानानें समजावें. आवाज लागला कीं एक्सिलेटर दाबून तो वाढविण्याचा मोह अनावर होतो, तो आवरावा. दोन-तीन मिनिटांनीं इंजिन बंद करावें, कोठें गळतें काय तें पाहावें, आणि मग पुन्हां.

इंजिन चालूं झालें, ब्रेक लागले, तरी गाडी रस्त्यावर आणण्यास कायद्याची संमति हवी. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांपर्यंत चालते. नंतर तपासणी होऊन ती एका वेळीं पांच वर्षांसाठीं वाढवून मिळते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचें शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालें, आणि २०२५ सालीं वीस वर्षांवरील मोटारीसाठीं तें आणखी वाढविण्यांत आलें. महाराष्ट्रांत जुन्या गाडीवर पर्यावरण कर आहे. विमा व धुराचें प्रमाणपत्र तर सर्वांनाच आवश्यक. पन्नास वर्षें पुरीं झालेल्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या गाडीची विंटेज म्हणून निराळी नोंद करण्याची सोय २०२१ च्या नियमांनीं झाली. परंतु अशी गाडी नित्याच्या वापरास काढतां येत नाहीं. हे सर्व कागद हातीं येईपर्यंत 'नाक्यापर्यंतच एक चक्कर' हा विचारहि मनांत आणूं नये. अपघात चक्कर लहान कीं मोठी हें पाहून होत नाहीं.

मग एवढा खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. पैशाच्या हिशेबानें पाहिलें तर दुरुस्तीचा खर्च पुष्कळदां गाडीच्या किंमतीहून अधिक होतो. धूर, सुरक्षितता आणि पेट्रोलची बचत या तिन्ही बाबतींत नवी गाडी सरस आहे, हेंहि मान्य केलें पाहिजे. ज्या घरीं सवड नाहीं, किंवा ज्या गाडीचा सांगाडा गेला आहे, तेथें नोंदणी रीतसर रद्द करून ती सरकारमान्य मोडतोड केंद्राच्या हवालीं करणें हाच प्रामाणिक मार्ग होय. दारांत कुजत ठेवण्यांत त्या वस्तूचा मान राहत नाहीं. फक्त निर्णय टाळल्याचें समाधान मिळतें.

परंतु जेथें सांगाडा शाबूत आहे आणि हात तयार आहेत, तेथें या कामाचें मोल रुपयांत मोजणें पुरेसें नाहीं. आजच्या मोटारींत बिघाड झाला तर दिवा लागतो आणि गाडी कारखान्यांत जाते. कारण व कार्य यांची सांखळी घरच्या माणसाच्या दृष्टीआड राहते. जुन्या गाडींत ती सांखळी उघडी आहे. ठिणगी नाहीं तर पॉइंट पाहा, पॉइंट ठीक तर कॉइल पाहा, असा पायरीपायरीनें विचार करण्याची शिस्त ती लावते. घरांतील शाळकरी मुलगा किंवा मुलगी चिठ्ठ्या बांधण्यास व पाने देण्यास बसली, तर पुस्तकांतील दाब, गंज, ज्वलन आणि वीज यांचा अर्थ तिला एका आठवड्यांत जितका कळेल, तितका वर्षभरांतहि कळणें कठीण. आणि ज्या मिस्त्रींच्या हातांत ही विद्या आहे, ते आहेत तोंवरच त्यांच्याजवळ बसून ती घेतां येण्याजोगी आहे. सुटा भाग कोणी तरी पुन्हां घडवील; हातांतलें कसब हातांबरोबर जातें.

शेवटीं एक सूचना. गाडी चालती झाली कीं काम संपलें, असें मानूं नये. आठवड्यांतून एकदां इंजिन पुरतें तापेपर्यंत ती चालवावी. नुसती दोन मिनिटें चालूं करून बंद केल्यास सायलेन्सरमध्यें व तेलांत पाणीच सांचतें. पावसाळ्यांत प्लॅस्टिकच्या कागदानें घट्ट गुंडाळण्याऐवजीं वर छप्पर द्यावें व खालून वारा खेळूं द्यावा. ब्रेकचें तेल दर दोन वर्षांनीं बदलावें. जी गाडी विस्मरणानें निजली होती, तिला पुन्हां निजूं न देणें हें दुरुस्तीपेक्षां सोंपें आहे. त्याला पाने लागत नाहींत, दिवस ठरवून ठेवण्याची संवय तेवढी लागते.